शेतात घर बांधायचंय, आधी वाटणी की आधी परवानगी?

माळावरचा
नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात आमची दोन एकर म्हणजे ८० गुंठे जमीन आहे, एकाच गटात, वडील जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही तिघं भाऊ. मी नोकरी सोडून गावी आलोय आणि शेतातच घर बांधायचं ठरवलंय, कारण गावातलं घर पडायला आलंय आणि आईला आता जिना चढवत नाही. ग्रामपंचायतीत चौकशी केली तर तिथले एकजण म्हणाले की एनए (बिनशेती) करायची काही गरज नाही, बांधून घ्या, नंतर घरपट्टी लावून देऊ. मोठा भाऊ म्हणतो आधी वाटणी करू, मग ज्याने त्याने आपल्या हिश्श्यात काय ते बांधावं. माझ्या हातात पैसे बेताचे आहेत, एकदा बांधलं की परत पाडायची वेळ यायला नको. नेमकं आधी काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

रानवेल
दादा, घरपट्टी लावून देतो हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. माझ्या माहेरी हेच झालं. नमुना ८ चा उतारा मिळाला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं सगळ्यांना वाटलं होतं. पुढे घरावर कर्ज काढायला गेलो तर बँकेने मंजूर नकाशा मागितला, तो नव्हताच. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. इथे घर उभं आहे आणि त्याची पट्टी घेतली जाते एवढंच ती सांगते, ते घर तिथे बांधायला परवानगी होती का नव्हती याचा तिच्याशी संबंध नाही.

नकाशावाला
सिव्हिल इंजिनिअर आहे, नकाशे मंजुरीला टाकणं हे रोजचं काम. ताईंचं शंभर टक्के बरोबर. माळावरचा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे कायदे एकमेकांत मिसळलेत, आधी ते सोडवून घ्या. एक म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, ही जमिनीचा वापर काय ते बघते, शेती की बिनशेती. दुसरा म्हणजे प्रादेशिक व नगररचना अधिनियम, तोही १९६६ चाच, तो बांधकाम बघतो. महसूलने हो म्हटलं तरी नगररचनाचं हो वेगळं लागतं. लोक एकाच ऑफिसात जाऊन येतात आणि झालं काम म्हणून पाया खोदतात.

आता फार्महाऊस, म्हणजे शेतातलं राहतं घर. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतीसाठीची इमारत बांधायला बिनशेती करावी लागत नाही हे खरं आहे, संहितेच्या कलम ४१ मधेच ते आहे. शेतीसाठीची इमारत म्हणजे अवजारं, खत, वैरण ठेवायची जागा, शेतमालाची साठवण, गोठा, आणि कुटुंबाने किंवा सालगड्याने राहायचं घर. पण शहरांच्या आसपासच्या ठरावीक अंतरात यालाही कलेक्टरची परवानगी लागते आणि प्रादेशिक योजनेच्या हद्दीत बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. डिसेंबर २०२० मधे आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती झोनमधल्या फार्महाऊसला कमीत कमी ०.४ हेक्टर जमीन लागते, चटई क्षेत्र निर्देशांक ०.०३७५, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राला याने गुणलं की येईल तेवढं बांधकाम, आणि जमीन कितीही मोठी असली तरी ४०० चौरस मीटरच्या वर नाही. तुमची ८० गुंठे म्हणजे साधारण ०.८१ हेक्टर. ८१०० गुणिले ०.०३७५ केलं की ३०० चौरस मीटरच्या जरा वर येतं, म्हणजे सव्वातीन हजार स्क्वेअर फूट धरा. आईसाठी तळमजल्याचं घर त्यात आरामात बसतं.

आणि म्हणूनच वाटणीची घाई करू नका म्हणतोय. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ ४० गुंठे. ८० गुंठ्यांचे तीन भाग केले की प्रत्येकी २६ गुंठे आणि वर थोडं. मग तिघांपैकी एकालाही फार्महाऊस मिळणार नाही!!

माळावरचा
हे डोक्यातच आलं नव्हतं. खरंच धन्यवाद. म्हणजे आधी परवानगी, मग वाटणी असं करायचं का?

कोर्टाच्या_पायरीवर
थांबा. वीस वर्षं तालुका कोर्टात वकिली करतोय, महसुली प्रकरणंच जास्त. दोन प्रश्न विचारतो, खरी उत्तरं द्या. सातबाऱ्यावर नावं कुणाकुणाची आहेत? बहीण आहे का?

माळावरचा
आहे साहेब, एक बहीण आहे, नगरला दिली आहे. वारसनोंद झाली तेव्हा आई, आम्ही तिघं आणि ताई अशी पाच नावं लागली. पण ताई काही मागणार नाही, ती हक्कसोड करून देईल असं भाऊ म्हणतो.

कोर्टाच्या_पायरीवर
मग तीन भागांचा हिशोबच चूक आहे. पाच नावं म्हणजे पाच हिस्सेदार. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, आणि इथे तर नाव उताऱ्यावर लागलेलंच आहे. हिस्से समान धरले तर ८० भागिले ५, म्हणजे १६ गुंठे.

आता इथे तुकडेबंदी आडवी येते. १९४७ चा तो कायदा आहे, आणि वाटणी करतानासुद्धा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या कमीत कमी क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा पाडता येत नाही, फक्त विक्रीलाच बंदी आहे असं नाही. ऑगस्ट २०२३ पासून अकोला आणि रायगड सोडून बाकी जिल्ह्यांत जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र आहे. म्हणजे तुमची जमीन कागदावर जिरायत असेल तर १६ गुंठ्यांची वाटणी होणारच नाही. बागायत असेल तर होईल. विहीर आहे का, आणि ती सातबाऱ्यावर चढलेली आहे का हे बघा, पिकं काय लावली आणि पाणी कशाचं हे गाव नमुना १२ मधे दिसतं. अनेकांची विहीर वीस वर्षं पाणी देते पण कागदावर जमीन कोरडवाहूच असते.

तोंडी वाटणीचं तर नावच काढू नका. आपापसात बांध घालून घेतला, दहा वर्षं कसलं, तरी उताऱ्यावर सगळं सामायिकच राहतं आणि त्यात एका भावाने बांधलेलं घर सगळ्यांच्या सामायिक जमिनीवर उभं असतं.

बांध_कोरू_नका
वकीलसाहेब बोलले ते काळ्या दगडावरची रेघ. आमच्यात चुलत्यांनी १९८४ ला तोंडी वाटणी केली, त्यावर दोन घरं उठली, आता नातवंडं कोर्टात आहेत. भावा, तू आईसाठी घर बांधतोयस, चांगलं करतोयस. पण ताई मागणार नाही हे तुझा भाऊ म्हणतो, ताई स्वतः म्हणाली का? तिला घरी बोलव, नाहीतर तू जा. फोनवर नको विचारू.

रानवेल
काकांना अनुमोदन. बहिणीकडून हक्कसोड गृहीत धरायची आपल्याकडची जी सवय आहे ना, ती मनाला फार लागते हो. मी स्वतः सही केली आहे, कुणी विचारलं नाही, फक्त तारीख कळवली. मी आनंदाने दिलं असतं, पण मला आधी विचारायला हवं होतं. आणि कायद्याचं बोलायचं तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, साध्या कागदावर किंवा नोटरीसमोर केलेलं चालत नाही.

माळावरचा
रानवेलताई, तुमचं वाचून गप्पच झालो. खरं आहे, माझ्या बहिणीला अजून कुणी विचारलेलं नाही. या रविवारी जातो.

निवृत्त_मंडळ_अधिकारी
महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यावरून क्रम सांगतो. पहिलं काम, ताजा सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) काढा, आणि सातबाऱ्यातला इतर हक्काचा रकाना शब्द न शब्द वाचा. लोक फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, कुळकायदा कलम ४३ ला पात्र असा शेरा (म्हणजे हस्तांतरावर बंधन), हे सगळं तिथे असतं. मग भोगवटादार वर्ग १ (हस्तांतराला मोकळी जमीन) आहे की २ (सरकारी अटींची) ते बघा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. जुने फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदी, पण काढा, जमीन घरात कशी आली ते त्यातून कळतं.

दुसरं, नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा. गट नंबर देऊन अर्ज करायचा. शेती झोन आहे, वनीकरण आहे की रहिवास आहे, प्रस्तावित रस्ता गटातून जातोय का, हे सगळं त्यात कळतं. हा एक कागद काढला असता तर माझ्यासमोर आलेली निम्मी भांडणं झालीच नसती असं मला मनापासून वाटतं.

तिसरं, मोजणी. भूमी अभिलेखकडून हद्द कायम करून घ्या. घर बांधून झाल्यावर शेजाऱ्याने मोजणी आणली आणि स्वयंपाकघर त्याच्या गटात निघालं असं एक प्रकरण मी स्वतः हाताळलंय. त्या बाईंचा चेहरा अजून विसरलो नाही.

आणि हो, तुमची जमीन गावठाणापासून किती लांब आहे?

माळावरचा
जवळच आहे साहेब. शाळेमागून पांदण जाते, तिथून आमचा बांध दिसतो. दीडशे दोनशे मीटर असेल, पण ते आमच्या उत्तरेकडच्या टोकापर्यंत, पूर्ण शेत नाही.

निवृत्त_मंडळ_अधिकारी
मग तुमच्यासाठी दुसरा दरवाजा पण उघडा आहे. संहितेचं कलम ४२-ड. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी बिनशेती झाल्याचं मानलं जातं, नेहमीसारखी वेगळी बिनशेती परवानगी काढावी लागत नाही. आकारणी, रूपांतर कर आणि जे काही शुल्क बसतं ते भरायचं आणि तहसीलमधून सनद, म्हणजे बिनशेती वापराचा अधिकृत दाखला, घ्यायची. मात्र २०० मीटर हे गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात, शेवटच्या घरापासून नाही, कारण घरं गावठाणाबाहेर पण पसरलेली असतात. आणि गटाचा जेवढा भाग २०० मीटरच्या आत तेवढ्यालाच फायदा, बाकीचं शेतीच. वर्ग २ जमीन असेल तर नजराण्याचा, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचा, विषय आधी मिटवावा लागतो.

नकाशावाला
यात माझी भर. सनद मिळाली म्हणून बांधकामाची परवानगी आपोआप मिळत नाही, नकाशा वेगळा मंजूर करायचाच. गावठाणाच्या आत घर असतं तर ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम भागलं असतं, नगररचनाकडे जावं लागलं नसतं, पण तुमची जमीन गावठाणाबाहेर आहे. ग्रामपंचायतीतल्या माणसाने बहुतेक तिथलाच नियम तुमच्या शेताला लावून सांगितला असावा.

रस्त्याचं पण बघा. पांदण नकाशावर आहे का नुसतीच वहिवाट आहे? शेतात जायला तहसीलदार कलम १४३ खाली बांधावरून रस्ता देतात, पण तो शेतीच्या वापरासाठी. त्याच रस्त्यावर बिनशेतीचा नकाशा टाकला की पोहोच रस्ता नाही म्हणून परत येतो, माझ्याकडे अशा दोन फाईली पडून आहेत. हायवे जवळ असेल तर त्याच्यापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं, तुमच्याकडे तो प्रश्न दिसत नाही. डोक्यावरून उच्चदाबाची तार जात असेल तर मात्र आत्ताच सांगा.

शनिवारचा_शेतकरी
मधेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. मुळशीत एका एजंटकडून फार्महाऊस प्लॉट बघितलाय. ११ गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आम्ही दोघं मित्र नावं लावणार, प्रत्येकी साडेपाच. तो म्हणतो सातबाऱ्यावर नाव येणारच, कुंपण पण घालून देतो, लाईट येईल, फार्महाऊस बांधा. टोकन उद्या द्यायचंय. मी मूळचा शेतकरी नाही, मित्राच्या वडिलांची शेती आहे.

कोर्टाच्या_पायरीवर
उद्या टोकन देऊ नका.

सविस्तर सांगतो. एक, कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मित्र शेतकरी असेल म्हणून तुम्ही होत नाही. व्यवहार अवैध ठरला तर कलम ८४-क खाली चौकशी लागते आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. दोन, ११ गुंठे ही संख्या एजंट का सांगतो ते लक्षात घ्या, बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आहे म्हणून. त्यामुळे खरेदीखत नोंदलं जाईल. पण तुमचे साडेपाच गुंठे वेगळे कधीच निघणार नाहीत. कुंपण घातलं तरी कागदावर तुमचा फक्त अविभक्त हिस्सा. मित्राने उद्या त्याचा हिस्सा तिऱ्हाईताला विकला तर तो माणूस तुमच्या अंगणात भागीदार. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ११ गुंठ्यांत शेती झोनमधे फार्महाऊसची परवानगी बसतच नाही, ४० हवेत हे वर आलंच आहे. म्हणजे फार्महाऊस प्लॉट म्हणून विकलेल्या जमिनीवर फार्महाऊस बांधता येणार नाही.

शनिवारचा_शेतकरी
पण शेजारी दहा बारा बंगले आधीच उभे आहेत, तिथे लोक राहतात..

निवृत्त_मंडळ_अधिकारी
उभे आहेत म्हणजे मंजूर आहेत असं समजू नका हो. परवानगीशिवाय बिनशेती वापर झाला तर कलम ४५ खाली दंड आणि जमीन पूर्ववत करायचा आदेश निघतो, नगररचना कायद्याखाली पाडायची नोटीस वेगळी. नोटीस दहा वर्षांनी पण येते. त्या बंगल्यांपैकी कुणाकडेही जाऊन फक्त मंजूर नकाशा बघायला मागा.

शनिवारचा_शेतकरी
एजंटला झोन दाखला मागितला. म्हणाला तो लागत नाही, बाकी सगळे असेच घेतायत. टोकन रद्द केलं. ही आम्हा दोघांची सात वर्षांची बचत होती. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

गोठा_नंबर_दोन
माझं साधं आहे, दहा म्हशींसाठी पत्र्याचा गोठा आणि वर वैरण ठेवायला माळा करतोय स्वतःच्या शेतात. याला पण एनए लागते का? आणि पुढे त्याच्यातच एक भाग दूध डेअरीला भाड्याने द्यायचा विचार आहे.

नकाशावाला
गोठा आणि वैरण हे शेतीच्याच वापरात आलं, बिनशेती नको. शहराजवळ असाल तर वर सांगितलेली कलम ४१ ची अट तेवढी तपासा. पण भाड्याने दिलात की चित्र बदलतं. तुमच्या स्वतःच्या शेतीला पूरक इमारत वेगळी आणि दुसऱ्याच्या धंद्याला दिलेली जागा वेगळी. गोडाऊन, लग्नाचं लॉन, हॉटेल, डेअरीचं संकलन केंद्र, हे सगळं शेतात असलं तरी शेती नव्हे. त्या भागापुरती बिनशेती करून घ्या. आणि कृषीपंपाच्या कनेक्शनवरून तिकडे वायर ओढू नका, ते मीटर पंपासाठी आहे.

बांध_कोरू_नका
एक विचारतो. आमच्या भावकीत एकाला घरकुल मंजूर झालंय पण जागा नाही. मी माझ्यातली थोडी द्यायला तयार आहे, तर तुकडेबंदी म्हणून अडवतात. गरिबाने करायचं काय?

कोर्टाच्या_पायरीवर
काका, यासाठी वाट आहे. मार्च २०२४ च्या नियमांनी विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल या कारणांसाठी प्रमाणभूतपेक्षा लहान तुकडा हस्तांतर करायला कलेक्टर परवानगी देऊ शकतात. घरकुलासाठी लाभार्थ्याला १००० चौरस फुटांपर्यंत, विहिरीसाठी ५ गुंठ्यांपर्यंत. आधी परवानगी, मग खरेदीखत, आणि ज्या कारणासाठी घेतलं त्याच कारणाला वापरायचं. लाभार्थ्याचं मंजुरीपत्र जोडून अर्ज करा. तुमच्यासारखं देणारं माणूस मिळणं हेच अवघड असतं, कागद होऊन जाईल.

माळावरचा
तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं म्हणून सांगावंसं वाटलं.

सातबारा वर्ग १ निघाला. इतर हक्कात वडिलांनी काढलेल्या सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता, कर्ज २०१६ ला फिटलंय पण बोजा कमी झालाच नव्हता. सोसायटीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे दिला. विहीर उताऱ्यावर नाही, जमीन जिरायतच दिसतेय, म्हणजे वकीलसाहेब म्हणाले तशी पाच वाटण्या आत्ता होऊच शकत नाहीत. झोन दाखला शेती झोनचा आला, रस्ता वगैरे काही जात नाही.

नगरला जाऊन आलो. ताईला सगळं कागदावर काढून दाखवलं, १६ गुंठे तिचे आहेत हे पण सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली मला जमीन नको पण माझं नाव काढू नका, बाबांच्या नावाखाली माझं नाव आहे ते राहू दे. आईच्या घराला सही देते म्हणाली. मोठ्या भावाला हे सांगितल्यावर त्याने वाटणीचा विषय सोडून दिला.

आता प्रश्न एवढाच, फार्महाऊस करू की ४२-ड ने उत्तरेकडचा तुकडा बिनशेती करू?

कोर्टाच्या_पायरीवर
ताईचं नाव राहू द्या, कायद्यानेही त्यात काही अडचण नाही. नाव ठेवून संमती देता येते.

फार्महाऊस सगळ्या ८० गुंठ्यांवर केलंत आणि परवानगीच्या आदेशात क्षेत्राचे तुकडे न करण्याची अट असेल तर ती पुढच्या वाटणीला बांधील राहील, म्हणजे बाकी दोघा भावांचा रस्ता अडतो. हे त्यांना आजच सांगा, नंतर नको. ४२-ड ने केलंत तर जेवढ्या तुकड्याची सनद तेवढाच वेगळा होतो, बँक कर्ज देते, आणि उरलेली शेती शेतीच राहते. खर्च थोडा जास्त येईल. माझं मत ४२-ड. फक्त आधी मोजणीत तो भाग २०० मीटरच्या आत आहे हे सिद्ध होऊ द्या. आणि कुठलाही मार्ग घेतलात तरी पाचही जणांचं नोंदणीकृत संमतीपत्र करा, त्यात घर कुणाच्या पैशाने होतंय आणि आईनंतर ते कुणाचं हे स्पष्ट लिहा. या विषयातले नियम, खासकरून बिनशेती आणि सनदेचे, अलीकडे सारखे बदलतायत, तेव्हा अर्ज टाकायच्या दिवशी तहसीलमधे सध्याचं परिपत्रक मागून वाचा.

निवृत्त_मंडळ_अधिकारी
सनद मिळाल्यावर बिनशेती वापर सुरू केलात की ३० दिवसांत तहसीलदारांना लेखी कळवायचं विसरू नका. छोटी गोष्ट आहे पण पोच घेऊन फाईलला लावा. सातबाऱ्यावर कमी-जास्त पत्रकाने (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) क्षेत्र बदललं का तेही बघा.

माळावरचा
होय साहेब. ४२-ड च करतोय, दोघा भावांशी बोललो, ते तयार आहेत. मोजणीची तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातली. शेजारच्या तिन्ही गटवाल्यांना नोटीस जाईल, त्याआधी मीच जाऊन सांगून आलो. आई परवा शेतात आली होती, उत्तरेच्या बांधावर लिंबाचं झाड आहे त्याच्याखाली बसून म्हणाली दार इकडे करा. नकाशावाले दादा, ते झाड २०० मीटरच्या आत येतं का बाहेर हे मोजणीत कळलं की तुम्हाला नकाशा पाठवतो.

नकाशावाला
पाठवा. झाड नकाशावर दाखवायला मोजणीवाल्यांना सांगा, घर त्याच्या हिशोबाने बसवू.